लठ्ठे नेमके कोणाच्या बाजूचे?

सांगलीत ‘लठ्ठे’ हे नाव कानावर पडलं नाही असा माणूस विरळा. लठ्ठे एज्युकेशन सोसायटी, तिचं कस्तुरबाई वालचंद कॉलेज, तिचं पॉलिटेक्निक. प्रवेशाच्या दिवसांत हे नाव घराघरांत घेतलं जातं. पण हे लठ्ठे कोण, असं विचारलं तर उत्तरं तीन तऱ्हेची येतात. कुणी म्हणतं जैन समाजाचे पुढारी. कुणी म्हणतं कोल्हापूरचे दिवाण. एखाद्या जुन्या माणसाला आठवतं की ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते. तिन्ही उत्तरं खरी आहेत, आणि ती एकाच माणसाबद्दल खरी आहेत, इथूनच वाद सुरू होतो.

असा एक वाद विश्रामबागेत, विलिंग्डन कॉलेजपासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरात रंगला. एका बाजूला इतिहास शिकवून निवृत्त झालेले मामा, दुसऱ्या बाजूला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणारी त्यांची भाची. आपल्या भागातल्या जुन्या वकील-लोकप्रतिनिधींवर तिला वकील मंडळींसमोर बोलायचं होतं. तिने अण्णासाहेब लठ्ठे निवडले, टिपणं काढली आणि ती मामांपुढे ठेवली. टिपणं कसली, दोषारोपपत्रच होतं ते.

“मामा, हा माणूस समोर येईल त्या पक्षकाराचं वकीलपत्र घेतो,” ती म्हणाली. “आधी शाहू महाराजांच्या संस्थानात नोकरी. मग त्यांच्याशी बिनसलं. मग त्यांचंच चरित्र. मग त्याच संस्थानचे दिवाण. आणि शेवटी काँग्रेसचे मंत्री. एकाच आयुष्यात किती बाजू?”

“आधी तारखा लाव, मग आरोप ठेव,” मामा म्हणाले.

तारखा लावल्या तर चित्र असं दिसतं. आण्णा बाबाजी लठ्ठे १८७८ साली कुरुंदवाडला जन्मले. पटवर्धनांचं हे छोटं संस्थान कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, सांगलीहून फार लांब नाही. भोवतालचा जैन समाज बहुतेक शेतकरी. जमीन होती, पण कॉलेजपर्यंत पोचलेला मुलगा क्वचितच. लठ्ठे एम.ए., एलएल.बी. झाले. १८९९ मध्ये स्तवनिधी इथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिच्या उभारणीत विशी-एकविशीतले लठ्ठे होते. गावोगावच्या मुलांनी शहरात येऊन शिकावं म्हणून वसतिगृहं काढायची, हा सभेचा मुख्य उद्योग. कोल्हापूरचं जैन बोर्डिंग त्यातूनच उभं राहिलं. लठ्ठे राजाराम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे संस्थानच्या शिक्षणखात्यात अधिकारी.

शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उघडत होती. राजाला शिकलेले ब्राह्मणेतर हवे होते आणि शिकलेल्या ब्राह्मणेतरांना राजा. लठ्ठे या घडीला अगदी जिथे असायला हवे तिथे होते.

“आणि तिथेच त्यांनी भाऊराव पाटलांना बोर्डिंगमधून काढलं,” भाची म्हणाली. “मी भाऊरावांच्याच रयत संस्थेच्या शाळेत शिकले, मामा. ही गोष्ट आम्हाला आठवीत असताना सांगितली होती. मी विसरलेली नाही.”

ती गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधली मुलं गेली, त्यांत कुंभोजला जन्मलेला, मूळ ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातला भाऊराव पायगोंडा पाटील हाही होता. परत आल्यावर बोर्डिंगचे प्रमुख लठ्ठे यांनी सांगितलं, आंघोळ करूनच भोजनगृहात पाऊल टाकायचं. बाकीच्यांनी निमूट आंघोळ केली. भाऊरावांनी नाही म्हटलं. अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं.

“समाजसुधारणेच्या सभा घेणारा माणूस,” भाची म्हणाली, “आणि भोजनगृहाच्या दारात सोवळ्याचा पहारेकरी. यावर तुमचं म्हणणं काय?”

“याचं समर्थन माझ्याकडे नाही,” मामा म्हणाले. “वसतिगृह समाजाच्या वर्गणीवर चालायचं. देणगीदार रुसले तर मुलांची चूल बंद पडेल, ही भीती लठ्ठ्यांना असणार. पण ती भीती मी तुला कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नव्हे. मुलगा बरोबर होता आणि शिकलेला अधीक्षक चूक होता. आता पुढचं सांग.”

पुढचं म्हणजे १९१४चं डांबर प्रकरण. कोल्हापुरात सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. ब्रिटिश रेसिडेंटच्या नजरेखाली असलेल्या संस्थानात ही साधी खोडी नव्हती. संशय लठ्ठ्यांवर आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला भाऊरावांना उभं करायचं ठरलं. ज्याला बोर्डिंगमधून काढलं तो सूड घ्यायला तयार होईल, असाच तो हिशेब असणार. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला. पोलिसांचा छळ असह्य झाला तेव्हा त्यांनी विहिरीत उडी घेतली. ते वाचले म्हणून १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था निघाली, आणि पुढे ती साताऱ्याला आली.

“बघ,” मामा म्हणाले, “लठ्ठ्यांवर राग धरायचं सगळ्यात मोठं कारण ज्याच्यापाशी होतं, तो त्यांच्यासाठी विहिरीत उतरला.”

“हे मी कोर्टात चालू देणार नाही,” भाची म्हणाली. “भाऊराव खोट्याविरुद्ध उभे राहिले, लठ्ठ्यांच्या बाजूने नव्हे. आरोपी कुणीही असता तरी त्यांनी तेच केलं असतं. त्या उडीतून भाऊरावांचा स्वभाव सिद्ध होतो, लठ्ठ्यांचा नाही.”

मामांनी ते मान्य केलं, आणि मान्य करायलाच हवं होतं. थोर माणसांची चरित्रं लिहिताना एकाच्या मोठेपणाचा उजेड दुसऱ्यावर पाडायची सवय आपल्याकडे फार आहे.

या प्रकरणानंतर लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला गेले आणि वकिली करू लागले. भाचीच्या मते त्यांची दुसरी बाजू इथे सुरू होते. मामांच्या मते त्यांचं खरं काम इथे सुरू होतं. नोकरीत असताना माणूस राजाच्या मर्जीवर असतो. वकिलाच्या हाती स्वतःची सनद असते.

पुढच्या काही वर्षांत हिंदुस्थानात राज्यकारभाराच्या सुधारणांची चर्चा सुरू झाली. कौन्सिलं मोठी होणार, निवडणुका होणार, खाती मंत्र्यांकडे जाणार. प्रश्न होता, तिथे बसणार कोण? मतदार मूठभर, आणि वकिली, वर्तमानपत्रं, सभा हे सगळं ब्राह्मण पुढाऱ्यांच्या हाती. लठ्ठे आणि वालचंद कोठारी यांच्यासारख्यांनी डेक्कन रयत असोसिएशन काढली. लठ्ठे ‘डेक्कन रयत’ हे इंग्रजी साप्ताहिक चालवत, कारण निर्णय घेणारे साहेब इंग्रजीच वाचत होते. ब्राह्मणेतर चळवळीत शाहू महाराज आणि लठ्ठे यांच्या वाटा पुन्हा एकत्र आल्या. १९१९च्या कायद्याखाली मुंबई कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव झाल्या, त्यामागे असा रेटा होता.

“आणि मग ते स्वतः दिल्लीला गेले,” भाची म्हणाली. “१९२१ ते १९२३, मध्यवर्ती कायदेमंडळात. गांधीजींनी त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. लोक कोर्ट-कचेऱ्या सोडत होते, शाळा सोडत होते, आणि हे साहेबाच्या सभागृहात बसले.”

“ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकील होते त्यांनी कोर्ट सोडणं आणि ज्यांच्यात पहिला वकील नुकताच झाला त्यांनी कोर्ट सोडणं, हे सारखं धरतेस तू?” मामांनी विचारलं. “शाळा सोडा म्हणणं सोपं होतं. लठ्ठे वीस वर्षं मुलांना शाळेत आणायची धडपड करत होते. बहिष्काराचा निर्णय देशासाठी योग्य असेल, पण तो सगळ्यांना सारख्या किमतीत पडत नव्हता.”

हा मुद्दा भाचीने टिपून घेतला. तिच्या स्वतःच्या घरातली ती पहिली वकील.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. १९२४ मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र दोन खंडांत निघालं, लेखक आण्णा बाबाजी लठ्ठे. आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात लठ्ठे शाहूंनंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांचे दिवाण झाले.

“चरित्र म्हणजे दिवाणगिरीचा अर्ज होता, असं कुणी म्हटलं तर?” भाचीने विचारलं.

“म्हणू दे. पण शाहूंवर पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना लठ्ठ्यांच्या त्या दोन खंडांना टाळून पुढे जाता आलेलं नाही. ज्याच्या राज्यातून आपल्याला निघावं लागलं, त्या राजाचं काम कागदपत्रांसकट नोंदवून ठेवायला मन मोठं लागतं.”

“मन मोठं असेल. पण दिवाणाची खुर्ची प्रजेकडे तोंड करून नसते.” भाचीने इथे तिचं सगळ्यात जड प्रमाण काढलं. गणेश रघुनाथ अभ्यंकर, सांगलीचेच वकील. संस्थानी प्रजेचे हक्क हा त्यांचा ध्यास. १९२७ साली मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली आणि दुसऱ्याच वर्षी प्रजेची बाजू मांडायला शिष्टमंडळ इंग्लंडला गेलं, त्यात अभ्यंकर होते. राजे आणि ब्रिटिश सरकार यांच्यात बोलणी चालली असताना मधल्या प्रजेचं काय, हा त्यांचा सवाल. “एक वकील प्रजेसाठी लंडनला जातो, दुसरा त्याच काळात राजाचा दिवाण असतो. दोघेही आपल्याच भागातले. आणि मी व्याख्यान दुसऱ्यावर द्यायचं?”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अभ्यंकरांवर तू वेगळं व्याख्यान दे. त्यांना आपण लठ्ठ्यांपेक्षाही जास्त विसरलोय. या मुद्द्यावर मी तुझ्या बाजूचा आहे.”

खरी लढाई १९३७ वर झाली. प्रांतांना स्वायत्तता देणाऱ्या १९३५च्या कायद्याखाली निवडणुका झाल्या. जेधे-गाडगीळांच्या काळात ब्राह्मणेतर चळवळीतला मोठा प्रवाह काँग्रेसमध्ये आला होता, लठ्ठेही आले. बाळ गंगाधर खेरांचं मंत्रिमंडळ बनलं. कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर यांच्याबरोबर अर्थखातं लठ्ठ्यांकडे आलं. काँग्रेसच्या नियमाने मंत्र्याचा पगार दरमहा ५०० रुपये. एके काळच्या दिवाणाने तो घेतला. बारडोलीसारख्या लढ्यांत जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा १९३८ मध्ये झाला. आणि काँग्रेसने लोकांना दिलेलं दुसरं वचन होतं दारूबंदी.

इथे अर्थमंत्र्याची अडचण समजून घ्यायला हवी. प्रांताच्या तिजोरीत अबकारीचा वाटा फार मोठा होता. शाळांचा पैसा दारूच्या उत्पन्नातून येतो, हे गांधीजींना सलत होतं आणि १९३७ साली ‘हरिजन’मधून ते तसं लिहीत होते. ज्याने आयुष्यभर वसतिगृहं काढली, त्याच्यापुढे आता हा पेच: दारू बंद करायची आणि शाळाही बंद पडू द्यायच्या नाहीत.

“अमेरिकेत हा प्रयोग आधीच फसला होता,” भाची म्हणाली. तिने त्याचीही तयारी केली होती. तिकडचा दारूबंदीचा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो अँड्र्यू व्होलस्टेड हाही वकीलच. मिनेसोटातल्या ग्रॅनाइट फॉल्स या छोट्या गावी वकिली, मग तिथला नगराध्यक्ष, मग १९०३ ते १९२३ अशी वीस वर्षं अमेरिकन काँग्रेसचा सभासद. १९१९ साली त्याचा कायदा झाला, १९३३ मध्ये ती दारूबंदी घटनादुरुस्तीनेच रद्द झाली. चोरटी दारू, गुंडांच्या टोळ्या, सगळं जगाने पाहिलं होतं. “हे डोळ्यांसमोर असताना मुंबईत १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी आणायची?”

“व्होलस्टेडच्या नावाचा दुसरा कायदाही सांग की,” मामा म्हणाले. “१९२२चा कॅपर-व्होलस्टेड कायदा. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकला तर तो मक्तेदारीविरोधी कायद्यात गुन्हा धरायचा नाही. तिकडच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था या कायद्याच्या आधाराने वाढल्या. एका कायद्याने नाव बद्दू झालं, दुसऱ्याने शेकडो खेड्यांचं भलं झालं, आणि दोन्ही एकाच माणसाचे. कायदे करणाऱ्याचं काम कलमांत शोधावं लागतं, घोषणेत नाही.”

मग त्यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवली. अमेरिकेला १९१३ पासून केंद्रीय प्राप्तिकर हाताशी होता, त्यामुळे दारूचं उत्पन्न सोडणं त्यांना जमलं. लठ्ठ्यांच्या हातात प्राप्तिकर नव्हता. तो केंद्राचा विषय. प्रांताच्या यादीत होते जमीनमहसूल, अबकारी, विक्रीवरचे कर आणि ‘जमिनी व इमारती’ यांवरचे कर. शेतसारा वाढवायचा तर कुळांवर बोजा. लठ्ठ्यांनी बोट ठेवलं इमारतींवर. १९३९ मध्ये शहरी स्थावर मालमत्तेवर कर आला, वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के. ज्या इमारतीचं वर्षाचं भाडं १०,००० रुपये धरलं जाईल, तिच्या मालकाने १,००० रुपये द्यायचे. म्हणजे मुंबईतल्या चाळी आणि हवेल्यांचे मालक प्रांतातल्या शाळांचं बिल भरणार.

घरमालक खवळले. मद्याच्या धंद्यात मोठी गुंतवणूक असलेल्या पारशी समाजातूनही विरोध झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं: सर बैरामजी जीजीभॉय विरुद्ध मुंबई प्रांत. वादीचं म्हणणं, भाड्यावर कर म्हणजे उत्पन्नावर कर, आणि उत्पन्नावर कर बसवायचा प्रांताला अधिकारच नाही. पूर्णपीठाने निकाल दिला: भाडेमूल्य हा फक्त मोजायचा आधार आहे, कर इमारतीवरच आहे, कायदा वैध. लठ्ठे मात्र फार काळ मंत्री राहिले नाहीत. युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले.

भाची हे ऐकताना वहीत लिहीत होती. “हा निकाल मी कॉलेजमध्ये वाचलाय,” ती म्हणाली. “कराची मोजपट्टी वेगळी आणि कराचा विषय वेगळा. परीक्षेत हमखास यायचा. पण कर आणणारा मंत्री कुरुंदवाडचा, हे कुणी सांगितलं नव्हतं.”

“मंत्रिपद गेलं तरी कर राहिला,” मामा म्हणाले. “वकील अर्थमंत्री झाला की काय होतं ते यात दिसतं. त्याने यादीतली नोंद वाचली आणि तिच्या आत बसेल असा कर शोधला. पैसा भाडेकरूकडून नाही, शेतकऱ्याकडून नाही, मालकाकडून.”

मामांचा निष्कर्ष असा: लठ्ठ्यांनी बाजू बदलल्या त्या सभागृहांच्या. संस्थान, दिल्ली, दरबार, काँग्रेस. त्या सगळ्या खोल्यांतून ते एकच अर्ज घेऊन फिरले, की जे शिकले नाहीत त्यांना शिकवा आणि जे बाहेर आहेत त्यांना आत घ्या. हे म्हणणं कागदपत्रांवर बऱ्याच अंशी टिकतं, आणि ज्या माणसाला आज कुठलाच पक्ष आपला म्हणत नाही, त्याच्याविषयी ते कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. शाहूभक्तांना त्यांच्या आयुष्यातलं डांबर प्रकरण अडचणीचं वाटतं, काँग्रेसच्या इतिहासात त्यांची दिवाणगिरी बसत नाही, आणि रयतच्या कुटुंबात १९०८ची ती आंघोळ विसरली जात नाही. म्हणून नाव राहिलं पाट्यांवर, माणूस राहिला बाहेर.

पण भाचीने शेवटचा कागद राखून ठेवला होता. खेर मंत्रिमंडळानेच १९३८ साली हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. देवस्थानाच्या विश्वस्तांनी मंदिर हरिजनांना खुलं करायचं ठरवलं, तर जुनी रूढी वा देणगीची अट आड येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. १९०८ साली भोजनगृहाच्या दारात उभा असलेला माणूस तीस वर्षांनी या मंत्रिमंडळात होता.

“म्हणजे माणूस बदलला,” मामा म्हणाले.

“सामूहिक जबाबदारीचं तत्त्व दोन्ही बाजूंनी चालतं, मामा. मंत्रिमंडळाचा कायदा म्हणून तुम्ही तो त्यांच्या खात्यावर जमा करता, तर त्या कायद्यातली कसरही त्यांच्याच खात्यावर टाका. विश्वस्तांना वाटलं तर दार उघडा! वाटलं नाही तर? बोर्डिंगचे देणगीदार काय आणि देवळाचे विश्वस्त काय, दाराची किल्ली पुन्हा त्यांच्याचकडे. मालमत्ता कर त्यांनी मालकाच्या मर्जीवर सोडला नव्हता.”

यावर मामांपाशी लगेच उत्तर नव्हतं. कायदा नुसता मुभा देणारा होता, सक्तीचा नव्हता, हे खरं. त्या काळात सक्तीचा कायदा सभागृहात आणि समाजात कितपत टिकला असता, हाही प्रश्न खरा. त्यांनी एवढंच म्हटलं, की दोन्ही तारखा व्याख्यानात शेजारी शेजारी ठेव आणि त्यांच्यातली तीस वर्षं सांग.

क्रमावरून मात्र त्यांचं एकमत झालं नाही. मामांचा आग्रह, सुरुवात १९३९च्या करापासून कर, समोर वकील बसलेत. भाचीचा हट्ट, सुरुवात जैन बोर्डिंगच्या भोजनगृहापासून होणार, कर शेवटी येणार. “ठीक आहे,” मामा म्हणाले, “मी मागच्या रांगेत बसेन आणि पहिला प्रश्न मीच विचारीन. ते दहा टक्के कुणाकडून घेतले?”

“त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे,” टिपणं गोळा करत भाची म्हणाली. “तुम्ही मला विश्वस्तांच्या मर्जीबद्दल विचारा.”